पुरेशी गाडी

धर्मगुरूच्या दारात कोणती मोटार उभी असावी, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हांस आढळला नाही. सेमिनरीत असताना विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार प्रधान सद्गुण आम्ही घोकून पाठ केले. त्यांचे पोटभेद आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दबा धरून बसलेले दुर्गुण हेही शिकलो. परंतु तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांना मोटारीचा अनुभव नव्हता आणि आमच्या प्राध्यापकांपैकी बहुतेक सायकलवाले होते. त्यामुळे आमच्या धर्मग्रामाची म्हातारी गाडी बदलण्याची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न आम्हांला आमच्या तोकड्या बुद्धीनेच सोडवावा लागला.

गाडी लहान होती, पांढरी होती, आणि आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळात, 2004 साली, धर्मग्रामात आली होती. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या वाड्यांमधून आणि दगडी गडग्यांच्या मधून जाणाऱ्या गल्ल्या तिला तोंडपाठ होत्या. 2019 साली तिची पंधरा वर्षे भरली, तेव्हा आरटीओत नेऊन तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून आणले. त्या दिवशी आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नवी गाडी घ्या, असे लोक सुचवीत होते. 'चालते आहे तोवर चालवू,' असे आम्ही म्हणत होतो आणि या उत्तराला आम्ही काटकसर हे नाव दिले होते.

2024 च्या जुलैतील एका रात्री त्या काटकसरीचा हिशेब आमच्यापुढे आला. पाऊस कोसळत होता. रात्री दोनच्या सुमारास फोन वाजला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक आजी अत्यवस्थ होत्या आणि त्यांनी धर्मगुरूंना बोलावले होते. आम्ही पवित्र तेल घेतले, ख्रिस्तप्रसाद घेतला आणि गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सॅक्रिस्टनला उठवून ढकलून पाहिली. अखेर एका रिक्षावाल्या मुलाला झोपेतून जागे केले आणि गुडघाभर पाण्यातून वाट काढीत त्या घरी पोहोचलो. दारातच आजीच्या मुलाने आमचा हात धरला आणि म्हटले, "फादर, पंधरा मिनिटे झाली." आजीचे यजमान खाटेजवळ बसून होते. ते एवढेच म्हणाले, "ती तुमची वाट पाहत होती."

देवाची कृपा आमच्या गाडीच्या बॅटरीवर अवलंबून नाही, हे आम्ही जाणतो. त्या आजींनी आयुष्यभर जपलेली श्रद्धा त्यांना नेमक्या ठिकाणी घेऊन गेली असेल, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि ईशज्ञानशास्त्रातील हे उत्तर त्या रात्री आमच्या स्वतःच्या अपराधाला पुरले नाही. गाडी जुनी ठेवण्याचा निर्णय आमचा होता, त्याचे पुण्य आम्ही आमच्या खात्यावर जमा करीत होतो आणि त्याची किंमत मात्र भलत्याच कोणीतरी मोजली होती.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत गाडीचा विषय निघाला. बांधकाम व्यवसायात नाव काढलेले आमचे एक धर्मग्रामस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, गाडी माझ्याकडून. मोठी घेऊ. पावसापाण्यात अडणार नाही, आणि आपल्या चर्चच्या दारात शोभेलही." सभेत टाळ्या पडल्या. तो माणूस मनाने उदार आहे आणि त्याच्या शब्दांत बढाई नव्हती. आम्ही त्याचे आभार मानले आणि विचाराला चार दिवस मागून घेतले.

त्या चार दिवसांत आमच्या मेकॅनिकच्या आवारात आम्हांला एक 2016 सालची टाटा नॅनो दिसली. मालक परदेशी मुलाकडे निघाले होते आणि गाडी विकून टाकायची होती. किंमत जवळपास एका नव्या स्कूटरएवढी. वाचकांना आठवत असेल, स्कूटरवरून पावसात भिजत जाणारे चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटा यांना या गाडीची कल्पना सुचली, असे ते सांगत असत. 2008 च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी ती लोकांपुढे आणली आणि एक लाख रुपयांचा दिलेला शब्द पाळल्याचे जाहीर केले. ज्यांना स्कूटरवरून उतरवायचे म्हणून ती जन्माला आली, त्यांच्या स्कूटरच्याच भावात ती आता मिळत होती.

मोठी विक्षिप्त गाडी! इंजिन पुढे नाही, मागच्या बाकाच्या पाठीमागे. पेट्रोल भरायचे ते पुढचे झाकण उघडून. जादा चाकही तिथेच. काचेवर वायपर एकच, आणि चाकाला चारऐवजी तीन नट. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बसून 'हे खरोखर लागते का?' असा प्रश्न विचारलेला दिसतो. दोन सिलिंडरचे 624 सीसीचे इंजिन फटफटीच्या जवळच्या नात्यातले वाटते. पण छत उंच आणि दारे मोठी. गुडघे धरलेल्या माणसाला वाकून आत शिरावे लागत नाही. खुर्चीवर बसावे तसे बसता येते. लांबी जेमतेम तीन मीटर, त्यामुळे आमच्या गल्ल्यांत वळवायला सोपी. कंपनीच्या कागदावर लिटरला 23 किलोमीटरांहून अधिक चालते असे लिहिले होते. मेकॅनिक म्हणाला, "फादर, एकोणीस धरा, म्हणजे मनस्ताप नाही."

आमचे मन तिच्यावर बसले. आणि नेमके तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते.

धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. ते व्रत संन्यस्तांचे. तरीही 1983 च्या धर्मविधिसंहितेचा 282 वा नियम आम्हांला साधी राहणी अंगी बाणवायला आणि ऐहिक बडेजावाचा वास येईल असे सर्व टाळायला सांगतो. आता साधे म्हणजे किती साधे? ॲरिस्टॉटलने उधळपट्टी आणि कंजूषपणा यांच्या मध्ये औदार्य बसवले, आणि अक्वायनस यांनी तो विचार पुढे नेला. मनुष्य बाह्य वस्तूंचा मालक असला तरी त्यांच्या उपयोगाच्या बाबतीत त्याने त्या सर्वांच्याच आहेत असे मानावे आणि गरजवंतांसाठी हात मोकळा ठेवावा, असे ते शिकवतात. धर्मग्रामाच्या पैशाला तर हे दुपटीने लागू पडते. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्या मावशीने रविवारी पेटीत टाकलेली दहाची नोट त्या पैशात असते. त्या नोटेच्या जिवावर धर्मगुरूने ऐटीत फिरावे हे शोभत नाही. पण त्या नोटेच्या जिवावर त्याने स्वतःच्या साधेपणाची ख्याती मिळवावी, हे तरी शोभते काय?

या दुसऱ्या प्रश्नाने आम्ही अडलो. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या जुलैत सेमिनरीतील विद्यार्थ्यांशी आणि नवसंन्यस्तांशी बोलताना म्हटले होते, की धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नव्याकोऱ्या मॉडेलच्या गाडीत दिसल्या की आपल्याला वेदना होतात. गाडी लागते हे त्यांनी नाकारले नाही. साधी गाडी निवडा, एवढेच सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीतील व्हेरोनाच्या एका धर्मगुरूंनी त्यांना आपली 1984 सालची, तीन लाख किलोमीटर चाललेली रेनो-4 भेट दिली. ती बातमी वाचून जगभर अनेकांना आनंद झाला. आम्हांलाही झाला. परंतु मेकॅनिकच्या आवारात नॅनोला फेऱ्या मारताना आमच्या डोळ्यांपुढे काय उभे होते, ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. धर्मप्रांताच्या सभेला सहकारी धर्मगुरूंच्या ऐसपैस गाड्यांच्या रांगेत आम्ही ती छोटीशी गाडी उभी करीत आहोत आणि कोणीतरी म्हणत आहे, 'पाहा, यांना म्हणतात खरे फादर!'

वेशभूषेतील मर्यादेविषयी लिहिताना अक्वायनस यांनी या रोगावर बोट ठेवले आहे. संत ऑगस्टीन यांचा आधार घेऊन ते सांगतात, की माणूस भरजरी वस्त्रांनी जसा मिरवतो तसा मळक्या वस्त्रांनीही मिरवू शकतो. आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो भक्तीचा वेश घेऊन येतो. मोटार हे आजच्या माणसाचे वस्त्रच आहे. नॅनोचे दुर्दैवही यातच दडलेले होते. सर्वांत स्वस्त गाडी अशी तिची प्रसिद्धी झाली, ती चूक होती, असे पुढे टाटांनीच सांगितले. स्कूटरवरचे कुटुंब गाडीत बसायला तयार होते. पण 'गरिबाची गाडी' अंगावर घालायला तयार नव्हते. 2018 साली तिचे उत्पादन जवळजवळ थांबले. जे वस्त्र त्या कुटुंबाला लाजेचे वाटले, ते आम्हांला भूषणाचे वाटत होते, याचे कारण उघड आहे. आम्हांला ती गाडी निवडण्याची मोकळीक होती. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो, त्याला साधेपणाचे कौतुक कोणी करीत नाही.

मग मोठी गाडी स्वीकारून अहंकारातून सुटावे काय? त्यानेही गाठ सुटत नव्हती. अशा वेळी आम्हांला फ्रान्समधील एका गाडीची हकिगत उपयोगी पडली. सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्या अभियंत्यांना एक गाडी करायला सांगितली. तिच्यात लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे मावले पाहिजेत, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतले एकही अंडे फुटता कामा नये. ती 'टू-सीव्ही' 1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा वृत्तपत्रांनी तिची टर उडवली. पत्र्याच्या डब्यासारखे रूप, कापडी छत, 375 सीसीचे इंजिन. पण मागणी एवढी वाढली की ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले, आणि कंपनीने रांगेत काहींना अग्रक्रम दिला. ते कोण? खेड्यातले डॉक्टर, जनावरांचे वैद्य, सुइणी, छोटे शेतकरी आणि धर्मगुरू. 1990 साली पोर्तुगालमध्ये शेवटची टू-सीव्ही तयार होईपर्यंत अशा 38 लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

या हकिगतीत आम्हांला हवे असलेले माप मिळाले. गाडी कोणाला शोभेल, हा प्रश्न बूलांजे यांनी विचारला नव्हता. तिच्यात काय न्यायचे आहे आणि ते कुठे धडपणे पोहोचवायचे आहे, हा विचारला होता. अग्रक्रमाच्या यादीतली माणसेही पाहा. सुईण, वैद्य, धर्मगुरू. ज्यांची रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट पाहत आहे अशी ती माणसे. आम्ही मात्र आतापर्यंत रस्त्याच्या अलीकडच्या टोकालाच, म्हणजे स्वतःच्या दारात, उभे राहून विचार करीत होतो. मोठी गाडी दारात शोभेल, लहान गाडी दारात शोभेल. 'पुरेसे' हा शब्द एकट्याने उभा राहत नाही. कोणाला पुरेसे आणि कशासाठी पुरेसे, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ येतो. आमची जुनी गाडी आमच्या प्रतिमेला पुरेशी होती. त्या आजींना ती पुरली नाही.

हे माप हाती घेऊन आम्ही पुन्हा कौन्सिलपुढे गेलो आणि नॅनोचा विचार मांडला. काही हसले, काही हिरमुसले. तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुण मुलीने हात वर केला. ती परिचारिका आहे आणि अपघात विभागात काम करते. ती म्हणाली, "फादर, 2014 साली ग्लोबल एनकॅपने या गाडीची धडक चाचणी घेतली होती. प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. हिच्यात एअरबॅगही नाहीत. तुमचा साधेपणा तुमचा. पण तुमच्या शेजारी बसवून दवाखान्यात न्याल ती आजी आमची आहे."

सभा शांत झाली. आम्हांला तिचा राग आला नाही, कारण तिने आमचेच माप आमच्यापुढे धरले होते. स्वतःचा जीव धोक्यात घालणे हे कधीकधी धैर्य असू शकेल. दुसऱ्याचा जीव आपल्या तत्त्वासाठी धोक्यात घालण्याला तेच नाव देता येत नाही. त्या चाचणीत त्याच वेळी तपासलेल्या भारतातील इतर चार लहान गाड्यांनाही शून्यच तारे मिळाले होते, आणि आमची जुनी गाडी तर त्याहूनही आधीच्या काळातली. हे खरे असले तरी ते समर्थन होऊ शकत नव्हते. मग आम्ही सर्वांनी मिळून आमचे रस्ते तपासले. आमच्या दहा फेऱ्यांपैकी नऊ गावातल्या गावात, तीन-चार किलोमीटरांच्या, गडग्यांच्या मधून ताशी पंचवीसच्या वेगाने होतात. पर्याय म्हणून रिक्षा किंवा मोटारसायकल असते, आणि त्यांना तर तेवढेही कवच नाही. खरा धोका दहाव्या फेरीत होता, महामार्गावरून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या.

तेव्हा असे ठरले. नॅनो घ्यायची, पण ती गावाच्या रस्त्यांसाठी. पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. महामार्गावर ती न्यायची नाही. आम्हांला एकट्याला मुंबईस जायचे असेल तर वसई स्टेशनवरून लोकल आहे. दर तीन महिन्यांनी मेकॅनिकने तिला तपासायचे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि या वयाच्या गाडीत रबरी नळ्यांवर नजर ठेवलेली बरी, असे त्याचे म्हणणे पडले. बॅटरीचे पैसे वाचवायचे नाहीत. ज्या खर्चावर दुसऱ्याची रात्र अवलंबून आहे, तेथे हात आखडणे हा सद्गुण नव्हे, हा धडा आम्हांला महाग पडला होता.

उरला दात्याचा प्रश्न. कोणाचे दान नाकारणे हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंती असते. नाकारणारा उंच होतो आणि देणारा खाली पाहू लागतो. आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर सगळा विचार त्यांना सांगितला आणि म्हटले, "तुमची गाडी आम्हांला हवीच आहे, पण आमच्या दारात नको. ती तुमच्याच दारात राहू द्या. कोणाला रात्री मुंबईला हलवायचे असेल, तेव्हा आम्ही तुम्हांला फोन करू." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, पैसे देणे सोपे होते."

त्यांनी मात्र ते मनावर घेतले. त्यांचे पाहून आणखी तिघांनी आपापली नावे दिली. आता आमच्या टेलिफोनजवळ चार नावांचा कागद चिकटवलेला आहे. त्यांपैकी कोणी ना कोणी आजवर सहा वेळा मध्यरात्री उठून रुग्णाला घेऊन गेले आहे, आणि दोनदा तर त्या दात्यांनी स्वतः गाडी चालवली. आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. भली मोठी, सर्व कामांना पुरी पडणारी गाडी आमच्या दारात असती, तर आम्हांला कोणाचीच गरज भासली नसती. साधेपणाचा एक उपयोग असाही असावा, की त्यामुळे धर्मगुरूला आपल्या माणसांची गरज लागते आणि त्यांना ती कळते.

आमच्या या निवडीत अहंकाराचा अंशही उरला नाही, असा दावा आम्ही करणार नाही. कोणी गाडीचे कौतुक केले की अजून बरे वाटते. तेव्हा तो कागद डोळ्यांपुढे आणतो.

2025 च्या जुलैत त्या आजींची वर्षाची मिस्सा झाली. नंतर घरी प्रार्थनेला गेलो तो नॅनोतूनच. आजीचे यजमान काठी टेकत अंगणात आले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. इंजिन पाहू म्हणून पुढचे झाकण उघडायला लावले, तर आत चाक आणि पेट्रोलचे तोंड. "अगोबाई, इंजिनच विसरले की काय?" म्हणून ते कितीतरी दिवसांनी हसले. घरातली माणसेही हसली. मग हसता हसता ते थांबले, आमच्याकडे पाहिले आणि हळूच विचारले,

"फादर, ही रात्री सुरू होते ना?"

आम्ही काही बोललो नाही. गाडीत बसलो, पट्टा बांधला आणि किल्ली फिरवली. मागून फटफट आवाज आला. त्यांनी काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले, आणि आम्हीही.